संक्रांतीचा तीळगूळ : पौष्टिक कोणता आणि दिखाऊ कोणता?

जानेवारी महिना लागला की आमच्या कापडाच्या धंद्यात काळ्या रंगाला भाव येतो. वर्षभर मागच्या कप्प्यात पडून असलेल्या काळ्या साड्या दर्शनी भागात लावाव्या लागतात, कारण मकर संक्रांतीला काळे नेसण्याची महाराष्ट्रात रीत आहे. काळा रंग ऊन शोषून घेतो आणि अंगाला ऊब देतो, असे जुनी माणसे सांगत. या सणाचे खाणेही त्याच हिशेबाने ठरलेले दिसते. तीळ, गूळ, शेंगदाणे, बाजरी, लोणी या सगळ्या वस्तू थंडीच्या दिवसांत अंगाला बळ देणाऱ्या. हंगामही त्यांचाच. तीळ आणि बाजरी खरिपाची, म्हणजे दिवाळीच्या आसपास बाजारात आलेली, आणि उसाची गुऱ्हाळे तर जानेवारीत भर जोमात असतात.

सण हिंदू बांधवांचा आहे. त्याच्या धार्मिक बाजूविषयी लिहिण्याचा माझा अधिकार नाही, आणि सणाच्या दिवशी शेजारच्या घरून आलेल्या ताटाविषयी कोणाच्या मनात प्रश्न असेल तर तो त्याने उलेमांना विचारावा, कापडवाल्याला नव्हे. परंतु तीळ, गूळ आणि बाजरी ही पिके कोणा एका समाजाची नाहीत. ती पिकवणाऱ्यांत, विकणाऱ्यांत आणि खाणाऱ्यांत आपणही आहोत. या वस्तू पौष्टिक आहेत असे सर्वच जण म्हणतात. पण बाजारात ज्या रूपात त्या मिळतात त्या रूपात त्या कितपत पौष्टिक उरतात, हे आता बऱ्याच अंशी व्यापारी आणि गिऱ्हाईक यांच्या हातात आले आहे. म्हणून हा विषय या पानावर घेतला आहे.

सुमारे दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. संक्रांतीच्या आठवड्यात साडी घेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला तिळगुळाचे छोटे पाकीट देण्याची पद्धत आमच्या दुकानात वडिलांच्या वेळेपासून आहे. त्या वर्षी गूळ आणायला मी स्वतः गेलो. समोर दोन माल होते. एक तांबूस तपकिरी, जरा मऊ. दुसरा पिवळाधमक, सोन्यासारखा, किलोमागे चार-पाच रुपयांनी महाग. मी पिवळा घेतला. गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचा माल देखणा असावा, एवढाच विचार त्यामागे होता. घरच्या बायकांनी लाडू वळून चारशे पाकिटे भरली. त्यातली दोनशेसाठ वाटून झाली असतील, तेव्हा एका प्रोसेसमधले जुने रंगारी चाचा हिशेबासाठी दुकानात आले. उरलेल्या गुळाचा डबा उघडला होता. त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "सेठ, इसमें तो अपना हायड्रोस है. बास नहीं आती तुमको?"

कापडाच्या धंद्यात नसलेल्या वाचकांसाठी सांगतो. हायड्रोस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. ही पांढरी भुकटी असते आणि तिला जळक्या गंधकासारखा उग्र वास येतो. वॅट रंग पाण्यात विरघळावेत म्हणून रंगाच्या हौदात ती टाकतात. रंगाई बिघडली तर कापडावरचा रंग उतरवण्यासाठीही तीच वापरतात. गुळाच्या गडद रसाचा रंग उतरवून तो पिवळा करण्यासाठीही नेमकी हीच भुकटी टाकली जाते. आमच्याकडे मालाच्या पिंपावर जे नाव असते तेच नाव गुऱ्हाळाच्या बाजूलाही सर्वांना माहीत आहे.

चाचांचे नाक म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे, म्हणून मी त्या वेळी कोणाला काही बोललो नाही. उरलेली पाकिटे मात्र वाटली नाहीत. गुळाचा एक तुकडा गोदामात तसाच राहिला. गुढीपाडव्याच्या सुमारास पाहिला तर तो काळपट पडलेला होता. पुढे कळले की हायड्रोसने आलेला पिवळेपणा टिकत नाही. कापडावरचा कच्चा रंग जसा उडतो तसे हे उलटे आहे, इथे उडवलेला रंग परत येतो. ज्याच्याकडून माल घेतला त्याला मी विचारले. तो म्हणाला, गिऱ्हाईक पिवळाच मागते, आम्ही काय करणार? त्याचे म्हणणे खोटे नव्हते. ते गिऱ्हाईक मीच होतो.

त्या वाटलेल्या पाकिटांपैकी एक आमच्या जुन्या गिऱ्हाईक असलेल्या बाईंच्या घरी गेले होते आणि त्यांच्या मुलाला दमा आहे हे मला ठाऊक होते. सल्फर डायऑक्साइड आणि सल्फाइट या जातीच्या द्रव्यांनी दम्याच्या काही रोग्यांना धाप लागते, ही वैद्यकशास्त्रात मान्य असलेली गोष्ट आहे. त्या पुढच्या वेळी आल्या तेव्हा मी मुलाची चौकशी केली. अल्लाहच्या कृपेने काही झाले नव्हते. परंतु विचारताना माझी मान खाली होती.

गूळ कसा होतो आणि कुठे बिघडतो

कोल्हापूर भागातील लोकांनी गुऱ्हाळ पाहिलेले असते, इतरांसाठी थोडक्यात सांगतो. उसाचा रस चुलवाणावरच्या मोठ्या काहिलीत उकळतात. जळण म्हणून उसाचीच वाळलेली चिपाडे असतात. उकळताना वर मळी येते, ती सतत काढावी लागते. जुन्या पद्धतीत भेंडीच्या झाडाचा चिकट रस काहिलीत टाकतात. त्यात घाण अडकते आणि वर येते. रसाचा आंबटपणा मोडण्यासाठी थोडा चुना टाकतात. पाक साधारण ११८ अंश सेल्सिअसला आला की गुळव्या काहील उतरवायला सांगतो. थर्मामीटर नसला तरी पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी करून त्याला ते कळते. एक टन उसापासून शंभर-सव्वाशे किलो गूळ निघतो.

चांगल्या गुळाचा रंग कसा असावा हे जमिनीवर, उसाच्या जातीवर आणि मळी किती नीट काढली यावर अवलंबून आहे. खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ खारट आणि काळपट येतो. 'को ९२००५' ही उसाची जात गुळासाठी चांगली समजली जाते, आणि कोल्हापूरला ऊस व गुळासाठी स्वतंत्र सरकारी संशोधन केंद्र आहे. तेव्हा प्रत्येक फिका गूळ हायड्रोसचाच असतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. मेहनतीने, मळी नीट काढूनही गूळ उजळ येतो. परंतु तो लालसर सोनेरी असतो, लिंबासारखा पिवळा नसतो. एकाच दुकानात बारा महिने एकाच छटेचा पिवळा गूळ मिळत असेल तर शंका घ्यावी. ऊस निरनिराळ्या शेतांतून येतो, मग रंग एकच कसा?

अन्न सुरक्षेच्या नियमांत गुळातील सल्फर डायऑक्साइडची मर्यादा दहा लाख भागांत ७० भाग अशी आहे. ते प्रमाण प्रयोगशाळेतच कळते, घरी कळत नाही. घरी एवढे करता येते की गुळाचा खडा कोमट पाण्यात विरघळवून ठेवावा. तळाशी पांढरा गाळ बसला तर वजन वाढवण्यासाठी खडूची भुकटी वगैरे मिसळली असण्याचा संभव आहे. गुळात साखर मिसळण्याचा प्रकारही होतो. साखर स्वस्त आणि गूळ महाग झाला की काही ठिकाणी काहिलीतच साखर ओतली जाते. असा गूळ टणक असतो आणि फोडल्यावर आतले कण चकाकतात.

कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या गुळाचे मोठे गिऱ्हाईक गुजरात आहे आणि तिकडे उजळ मालाला जास्त भाव मिळतो. शेतकऱ्याने प्रामाणिकपणे तपकिरी गूळ केला तर सौद्यात त्याला क्विंटलमागे कमी पैसे मिळतात. सारा दोष गुऱ्हाळवाल्यावर टाकून आपण मोकळे होतो. पण शिक्षा त्यालाच होते, भावातून.

आता गुळाच्या गुणांविषयी. गुळात लोह आणि खनिजे असतात हे खरे, साखरेत ती जवळजवळ नसतात. लोखंडी काहिलीतूनही थोडे लोह त्यात उतरते, त्यामुळे प्रमाण मालागणिक बदलते. परंतु शेवटी गूळ ही मुख्यतः साखरच आहे. आपण एका वेळी जो गूळ खातो तो दहा-वीस ग्रॅम, तेवढ्यातून मिळणारे लोह थोडेच. गूळ खाल्ल्याने रक्त वाढते म्हणून वाटीभर खावा हा गैरसमज आहे.

मला स्वतःला साखरेचा आजार आहे. गुळाने काही होत नाही असे चार लोकांनी सांगितले म्हणून एका हिवाळ्यात मी रोज चार-पाच लाडू खाल्ले. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी आकडा दाखवला आणि एवढेच म्हणाले, "रक्तात गेल्यावर गूळ आणि साखर वेगळी ओळखता येत नाही." या आजाराच्या वाचकांनी गुळाला औषध समजू नये. आपल्या समाजात हा आजार फार बोकाळला आहे आणि "शक्कर बंद है, गुड चलता है" हे वाक्य दावतीत सर्रास ऐकू येते.

तिळाचे साल

तीळ ही फार जुनी वस्तू. युनानी वैद्यकात तिळाला कुंजद म्हणतात आणि त्याची तासीर गरम मानतात. अरबीत तिळाला सिमसिम म्हणतात. अलिबाबाच्या गोष्टीतले 'खुल जा सिमसिम' म्हणजे दुसरे काही नसून तिळाचेच नाव आहे. तिळाची बोंडे वाळली की आपोआप उकलतात आणि दाणे सांडतात, त्यावरून हा मंत्र आला असे काही लोक म्हणतात. खरे-खोटे अल्लाह जाणे, पण तिळाच्या शेतकऱ्याला हे उकलणे चांगले ठाऊक असते. कापणीला दोन दिवस उशीर झाला की दाणे जमिनीवर. हज-उमऱ्याला जाऊन आलेल्यांनी तिकडे ताहिना खाल्लेला असतो, तोही दळलेला तीळच.

शंभर ग्रॅम सालासकट तिळात सुमारे ५७० कॅलरी, ५० ग्रॅमच्या आसपास तेल आणि १७-१८ ग्रॅम प्रथिने असतात. कॅल्शियम ९०० मिलिग्रॅमच्या वर आणि लोह सुमारे १४ मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० च्या शिफारशीत म्हटले आहे. आकडे पाहून तीळ म्हणजे कॅल्शियमची खाणच वाटते. मात्र इथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट अशी की हे कॅल्शियम बहुतेक सालात असते. बाजारात जो दुधासारखा पांढरा, एकसारखा तीळ मिळतो तो साल काढलेला असतो. तीळ भिजवून, यंत्रात घासून, धुऊन वाळवतात. काही ठिकाणी साल सुटण्यासाठी पाण्यात कॉस्टिक टाकतात. तेच कॉस्टिक आम्ही कोऱ्या कापडातला मळ काढायला वापरतो. या सालविरहित तिळात कॅल्शियम शंभर ग्रॅममागे शंभर मिलिग्रॅमच्या आसपास, किंवा त्याहूनही कमी उरते. तेल आणि प्रथिने राहतात, चवही जरा गोड लागते, पण ज्याच्यासाठी तिळाची कीर्ती ते धुलाईत गेलेले असते.

दुसरी गोष्ट साल असलेल्या तिळाच्या विरुद्ध जाते, तीही सांगितली पाहिजे. सालातले कॅल्शियम बऱ्याच अंशी ऑक्झलेटच्या रूपात असते आणि ते शरीरात फारसे मुरत नाही. त्यामुळे सालाचा तीळ खाल्ला की दुधाची गरज संपली असे कोणी समजू नये. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच तीळ खावा. इतरांनी मात्र साधा, किंचित मळकट दिसणारा सालाचा तीळच घ्यावा, निवडून भाजावा आणि दाताखाली नीट चावावा किंवा कुटून खावा. अख्खा गिळलेला तीळ बराचसा तसाच बाहेर पडतो.

तिळाच्या तेलाचा एक मोठा गुण असा की ते लवकर खवट होत नाही. त्यात सेसमॉल नावाचे द्रव्य असते, ते तेल टिकवते. म्हणून तिळाचा लाडू महिनाभर टिकतो. शेंगदाण्याचे कूट जास्त घातले की तो लवकर खवटतो. पैसे वाचवण्यासाठी लाडवात शेंगदाणा वाढवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पंधरा ग्रॅमचा, निम्मा तीळ आणि निम्मा गूळ असलेला लाडू सुमारे ७० कॅलरी देतो. त्यात सालाचा तीळ असेल तर ७० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आणि तिळातले एक मिलिग्रॅमभर लोह. थंडीत शाळेला जाणाऱ्या मुलाच्या डब्यात असे दोन लाडू टाकले तर बिस्किटाच्या पुड्यापेक्षा ते केव्हाही बरे. मात्र काहींना तिळाची ॲलर्जी असते. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून पाकिटावर तिळाचा उल्लेख करणे बंधनकारक झाले आहे. तिकडे माल पाठवणाऱ्यांनी हे विसरू नये.

निर्यातीवरून आठवले. सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियमने भारतातून आलेल्या तिळात एथिलीन ऑक्साइडचे अंश सापडल्याचे युरोपभर कळवले. हा वायू जंतू मारण्यासाठी, विशेषतः साल्मोनेला नावाच्या जंतूसाठी, वापरला जात होता. तो कर्करोगकारक असल्याने युरोपात अन्नावर वापरायला बंदी आहे आणि तिळासाठी त्यांची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम आहे. तीळ लावलेले पाव, बिस्किटे दुकानांतून परत मागवली गेली. ऑक्टोबर २०२० पासून भारतीय तिळाच्या दर दोन खेपांपैकी एका खेपेची तपासणी करण्याचा नियम त्यांनी लावला. मोजक्या लोकांच्या घाईमुळे सगळ्या देशाचा माल बंदरावर अडकला. जंतू वाफेनेही मारता येतात, पण वाफेचे यंत्र महाग असते आणि माल पुन्हा वाळवावा लागतो. कापडाच्या निर्यातीत आमच्यावर हाच प्रसंग अझो रंगांनी आणला होता. १९९४ मध्ये जर्मनीने काही अझो रंगांवर बंदी घातली तेव्हा आपल्याकडचे पुष्कळ रंगवणारे गाफील होते.

भोगीची भाजी आणि बाजरी

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. त्या दिवशी हरभऱ्याचे ओले दाणे, पावटा, गाजर, वांगी, बोरे, शेंगदाणे आणि तिळाचे कूट घालून मिसळीची भाजी करतात. तिच्याबरोबर तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी. "न खाई भोगी तो सदा रोगी" अशी म्हण आहे. आमच्या घरी थंडीत पाये आणि बाजरीची भाकरी होते. ती आमची भोगी म्हणा हवे तर.

शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे ११ ग्रॅम प्रथिने, तेवढाच चोथा आणि ६ मिलिग्रॅमच्या वर लोह असते. पांढऱ्या तांदळात लोह एक मिलिग्रॅमही नसते. राहुरीचे कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट संस्था यांनी मिळून 'धनशक्ती' नावाचे जास्त लोह असलेले बाजरीचे वाण काढले आहे. भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्य वर्ष म्हणून पाळले गेले, तेव्हापासून शहरातल्या दुकानांतही बाजरी काचेच्या बरणीत जाऊन बसली.

परंतु बाजरीचे पीठ पाकिटात महिनोन्महिने विकण्याची वस्तू नाही. तिच्यात तेल जास्त असते आणि दळल्यानंतर आठ-दहा दिवसांतच पीठ कडू होऊ लागते. जुन्या बायका चार दिवसांपुरतेच दळत, त्याचे कारण हेच. बाजरीचे पीठ विकायचे असेल तर धान्य ठेवावे आणि मागणीप्रमाणे दळून द्यावे. गिरणीवाल्या बंधूंना यात चांगला धंदा आहे.

बाजरी आणि तीळ यांतले लोह शरीरात सहज शिरत नाही. आंबट वस्तू सोबत असली की जास्त शिरते. भोगीच्या भाजीत बोरे का घालतात याचे एक उत्तर यात असावे. लिंबाची फोड, आवळा हेही चालतात. उलट जेवणावर लगेच चहा घेतला की लोह शोषण्यात अडथळा येतो. आपल्या घरांत जेवणाच्या दस्तरखानावरच चहा येतो. बायकांच्या अंगात रक्त कमी असण्याची तक्रार तर घरोघरी आहे. किमान तासभर चहा लांबवला तरी फरक पडतो. याला एक पैसाही लागत नाही.

आपल्या लोकांसाठी धंदा

संक्रांतीशी आपल्या समाजाचा धंद्याचा संबंध जुना आहे. पतंग बनवणारे, बांगड्या भरणारे कासार-मणियार यांत आपली माणसे पुष्कळ. खाण्याच्या पदार्थांत मात्र आपण गजक-रेवडीच्या गाड्यापलीकडे फारसे गेलो नाही. घरबसल्या लाडू करणाऱ्या भगिनींना डिसेंबर आणि जानेवारी हे दोन महिने चांगले आहेत. एक किलो तीळ, एक किलो गूळ आणि पाव किलो शेंगदाणे घेतले तर भाजण्यातली घट धरून पंधरा ग्रॅमचे १४० च्या आसपास लाडू होतात. तीळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात घेऊ नये, तेव्हा मागणी चढलेली असते. नोव्हेंबरात नवा माल आल्यावर घेऊन, ऊन देऊन ठेवावा. अन्न सुरक्षा खात्याकडे नोंदणी करणे घरगुती धंद्यालाही आवश्यक आहे. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या गुळावर ५ टक्के जीएसटी लागू झाला, तेव्हा नुसता गूळ पाकिटात विकणाऱ्यांनी आपल्या कर सल्लागाराला विचारून घ्यावे.

आणि माल जसा असेल तसा सांगावा. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले, आणि ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी त्या व्यापाऱ्याला विचारले, ही हदीस आपण मदरशात ऐकलेली असते. त्या व्यापाऱ्याचे धान्य पावसाने भिजले होते. आपण तर माल स्वतः रंगवतो.

आमच्या दुकानात त्यानंतर गूळ थेट एका गुऱ्हाळातून येतो. काहिलीत रस असताना मी किंवा मुलगा तिथे उभे राहतो. तपकिरी गुळाचे लाडू पहिल्या वर्षी दोघी-तिघींनी पाहून परत काउंटरवर ठेवले. एकीने विचारले, सेठ, जुना गूळ आहे का? तेव्हापासून काउंटरवर तपकिरी गुळाचा एक खडा आणि बाजारातला पिवळा खडा अशा दोन बशा ठेवतो. पिवळ्या बशीला तारीख लावलेली असते. जे विचारतात त्यांना सांगतो, जे विचारत नाहीत ते वास घेऊन बघतात. काही गिऱ्हाईके आजही पिवळाच बरा म्हणतात.

एक हिशेब व्यापारी बंधूंनी करून ठेवावा. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. चंद्रदर्शनाचा एखाद-दुसरा दिवसाचा फरक सोडला तर २०२९ मध्ये तो जानेवारीच्या मध्यावर आणि २०३० मध्ये जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू होईल. म्हणजे २०३० ची संक्रांत रोज्यांत येणार. त्या महिन्यात सहरीला बाजरीची भाकरी आणि इफ्तारला खजुराबरोबर तिळाचा लाडू अशी दोन्हीकडची मागणी एकाच वेळी उठेल. गुऱ्हाळवाल्याला मी आत्तापासून सांगून ठेवले आहे की त्या हंगामात आमच्या नावाचे रवे दुप्पट धरा, आणि रंगाची चौकशी कोणी केली तर माझ्याकडे पाठवा.